परड्यातली टाकी आणि शेजाऱ्याचा हक्क



वसंत व्याख्यानमालेला येणारा श्रोता इतिहास, काव्य, अध्यात्म असे काही ऐकावयास मिळेल या आशेने येतो. त्याच्यापुढे डिझेलच्या टाकीचा विषय मांडणे म्हणजे श्रीखंडाच्या पंगतीत कुळथाची पिठी वाढण्यासारखे आहे. परंतु आपल्या मालवणी माणसाने पिठीला कधी नाक मुरडले नाही, त्या भरवशावर मी येथे उभा आहे. मी नववीपर्यंत शिकलेला मनुष्य. पुढचे शिक्षण कारखान्यांच्या फाटकांवर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकांवर झाले. कायद्याची पुस्तके मी वकील होण्यासाठी वाचली नाहीत; आपल्या सोबत्यांच्या जिवावर काय काय बेतू शकते आणि ते टाळण्याची जबाबदारी कोणाची, हे कळावे म्हणून वाचली.

आजचा विषय एका वाक्यातून निघाला. इंधनाच्या साठ्याबद्दल कोणाला काही विचारावयास जावे, तर उत्तर ठरलेले असते : "माझ्या परड्यात माझी टाकी, गावाक काय करूचा आसा?" वाक्य वरवर पाहता बिनतोड आहे. जमीन त्याची, सातबारा त्याच्या नावाचा, टाकीचे पैसे त्याने मोजलेले. विहीर खणली, माड लावले, गोठा बांधला, तशीच ही टाकी. मग सरकारने, शेजाऱ्याने किंवा माझ्यासारख्या संघटनावाल्याने मध्ये का पडावे? या प्रश्नाला सरळ उत्तर दिले पाहिजे. नुसते कायद्याचे भय दाखवून भागणार नाही.

वाफ गडगा ओळखत नाही

प्रथम इंधनाचा स्वभाव पाहू. पेट्रोल जळते असे आपण म्हणतो, पण जळते ती त्याची वाफ. द्रवाच्या वर जमलेली वाफ ठिणगी लागताच ज्या उष्णतेला भडकते, त्या अंशाला शास्त्रज्ञ फ्लॅश पॉइंट म्हणतात. आपल्या पेट्रोलियम कायद्याने सारी प्रतवारी यावरच केली आहे. हा अंश २३ सेल्सियसच्या खाली असेल तर तो 'अ' वर्ग. पेट्रोल त्यात येते. २३ ते ६५ पर्यंत 'ब' वर्ग. डिझेल आणि घासलेट त्यात. ६५ ते ९३ पर्यंत 'क' वर्ग. भट्टीचे जाड तेल त्यात.

पेट्रोलचा हा अंश शून्याच्याही खाली सुमारे चाळीस आहे. म्हणजे हिमालयात नेले तरी ते भडकावयास तयार. त्याची वाफ हवेहून तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही. पाण्यासारखी उताराने वाहते, गटारात उतरते, गडग्याच्या भोकांतून पलीकडे जाते आणि शेजारणीच्या चुलीपाशी पोहोचते. तेथे ती पेटली म्हणजे ज्योत त्याच वाटेने मागे धावत येते. सातबाऱ्यावरची हद्द तलाठ्याला ठाऊक असते, वाफेला नसते.

डिझेलविषयी आपल्याकडे एक समज आहे की त्यात काडी टाकली तर विझते. थंड डिझेलात विझेलही. पण आपल्याकडील मानकाप्रमाणे डिझेलचा फ्लॅश पॉइंट निदान ३५ अंश असावा लागतो, आणि तेवढाच असला तरी ते डिझेल कायदेशीर ठरते. वैशाखात वाळूवर, पत्र्याखाली उन्हात ठेवलेल्या पिंपाला हात लावून पाहा, म्हणजे ३५ अंश केव्हाच मागे पडलेले दिसतील. रिकाम्या पिंपाची गोष्ट तर आणखी फसवी. भरलेल्या पिंपात वाफेला जागा थोडी. रिकाम्यात वाफ आणि हवा यांचे मिश्रण तयारच असते. रिकामे म्हणून ज्याला डाग देण्यासाठी वेल्डरकडे नेतात, त्या पिंपाने अनेकांचे बळी घेतले आहेत.

कायदा कोणासाठी

हा कायदा काल-परवाचा नव्हे. घासलेटचे डबे हिंदुस्थानच्या बंदरांत उतरू लागले तेव्हापासून सरकारला त्याची काळजी घ्यावी लागली. १८९९ चा कायदा होता. त्याच्या जागी १९३४ चा पेट्रोलियम कायदा आला. त्याखालचे सध्याचे नियम २००२ चे. त्यांचा अंमल पाहणारी पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना केंद्र सरकारची असून तिचे मुख्य कार्यालय आपल्याच राज्यात, नागपूरला आहे.

कोणी म्हणेल, सरकारी कायदा म्हणजे गरिबाच्या मानेवर जू. मीही वाचण्यापूर्वी तसेच समजत होतो. वाचल्यावर दिसले की या कायद्याने लहान माणसाला सूट दिली आहे, आणि तीही विचारपूर्वक. आपल्या किनाऱ्यावर ज्यांना तिची गरज आहे, त्यांच्यासाठी ती नीट सांगतो.

विक्रीसाठी नसलेले पेट्रोल कोणीही ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय बाळगू शकतो. मात्र ते घट्ट बुचाच्या भांड्यात असले पाहिजे : काचेचे किंवा चिनीमातीचे असेल तर एका लिटरहून मोठे नको, धातूचे असेल तर पंचवीस लिटरहून मोठे नको. कलमात काच, चिनीमाती आणि धातू एवढीच नावे आहेत. आपण ज्याला कॅन म्हणतो त्या प्लॅस्टिकचे नाव तेथे नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. प्लॅस्टिकमध्ये पेट्रोल ओतताना घर्षणाने वीज साठते. ती जमिनीत उतरावयास वाट मिळत नाही आणि ठिणगी पडते.

ज्याच्याकडे इंजिन आहे त्याला सूट अधिक आहे. इंजिनाच्या स्वतःच्या टाकीत असेल ते इंधन मोजावयाचे नाही. त्याशिवाय १०० लिटरपर्यंत पेट्रोल तो ठेवू शकतो. कायद्याच्या व्याख्येत जमिनीवरच्या गाडीबरोबर पाण्यावरची होडीही येते. तेव्हा दांडी-तारकर्लीला पर्यटकांना फिरवणारा होडीवाला असो वा यंत्र लावलेली पात घेऊन जाणारा मच्छीमार असो, ही सवलत त्याचीही आहे. पण तिला दोन अटी आहेत. साठा ३० लिटरच्या वर गेला की तो वेगळ्या जागी ठेवला पाहिजे. माणसे राहतात, काम करतात किंवा जमतात अशा खोलीशी त्या जागेचा दारखिडकीने संबंध असता कामा नये. आणि होड्या दहा असल्या तरी मर्यादा शंभरच लिटरची. दहा होड्यांना हजार लिटर असा हिशेब चालत नाही. ज्याने हे कलम लिहिले त्याला माणसाचा स्वभाव ठाऊक होता!

डिझेलला आणि घासलेटला मर्यादा मोठी आहे : एका ठिकाणी मिळून २५०० लिटर, आणि त्यातले कोणतेही भांडे १००० लिटरहून मोठे नको. हॉटेलांच्या जनित्रांजवळ ९९० लिटरच्या टाक्या दिसतात, त्यांचे कोडे येथे उलगडते. हजाराच्या आत राहण्यासाठी ती योजना. त्यात गैर काही नाही. गैर केव्हा होते? तशा तीन टाक्या ओळीने मांडून एक वडिलांची, एक थोरल्याची, एक धाकट्याची असे सांगितले जाते तेव्हा. आग लागली म्हणजे ती कुटुंबाचे वाटप विचारीत नाही.

मोठी टाकी आणि तिचे कागद

या मर्यादेच्या पुढे गेलात की परवाना लागतो. जागेचा नकाशा आणि टाकीचा आराखडा आधी मंजूर करून घ्यावयाचा. जिल्हाधिकाऱ्याचे, म्हणजे आपल्याकडे ओरोसचे, ना-हरकत प्रमाणपत्र मिळवावयाचे. बांधलेली टाकी तपासून जाणत्या माणसाने दाखला द्यावयाचा, आणि मग इंधन भरावयाचे. क्रम असा आहे. व्यवहारात पुष्कळदा तो उलटा होतो : आधी टाकी, मग इंधन, आणि कागद वर्षभराने.

या कागदांत काय असते ते एकदा उलगडून पाहा, म्हणजे ते कागद वाटणार नाहीत. जमिनीवरच्या टाकीभोवती बांध घालावा लागतो, आणि त्या बांधात सर्वांत मोठ्या टाकीतले सारे तेल मावले पाहिजे. टाकी फुटली तर तेल रस्त्यावर न येता तेथेच अडावे हा हेतू. टाकीला वाफेची नळी उंच न्यावी लागते, कारण श्वास कोंडलेली टाकी फुगते किंवा आत बसते. टाकीला भुईतार जोडावी लागते, म्हणजे विजेला जमिनीत उतरण्यास वाट राहते.

पुरलेल्या टाकीच्या बाबतीत आपल्या किनाऱ्याची अडचण निराळी आहे. देवबाग-तारकर्लीची पट्टी एका बाजूने समुद्र, दुसऱ्या बाजूने कर्ली नदी अशी. थोडे खणले की पाणी. वीस हजार लिटरची टाकी अशा जागी पुरली तर तिच्या खालचे पाणी तिला वीस टनांच्या जोराने वर ढकलते. टाकी भरलेली आहे तोवर ठीक. पावसाळ्यात ती रिकामी झाली आणि खाली काँक्रीटला बांधलेली नसली, तर होडीसारखी वर येते आणि नळ्या तोडते. त्यात खारे पाणी लोखंड खाते. रोज काठी बुडवून मोजलेले तेल आणि वहीतले तेल यांचा मेळ बसेनासा झाला की समजावे, टाकी गळते आहे. तो फरक मालकाच्या वहीत आधी दिसतो. शेजाऱ्याला तो पुढे विहिरीच्या पाण्याच्या वासावरून कळतो. जांभ्या दगडाला भेगा फार, आणि वाळूला तर अडवणे ठाऊकच नाही. एकदा तेल उतरलेली विहीर पुन्हा पिण्याजोगी होण्यास किती पावसाळे लागतील हे सांगता येत नाही. ज्या घराला तीच एक विहीर आहे त्याने काय करावे?

राहिला प्रश्न अंतराचा. टाकी आणि वस्ती यांच्यामध्ये मोकळी जागा सोडावी असे नियम म्हणतात. जमिनीचे भाव चढले की सर्वांत आधी खटकते ती ही मोकळी जागा. मुंबई बंदरातल्या जवाहर द्वीपावर, म्हणजे बुचर बेटावर, ६ ऑक्टोबर २०१७ रोजी डिझेलच्या एका प्रचंड टाकीवर वीज पडली. आग विझवण्यास सुमारे तीन दिवस लागले, पण मनुष्यहानी झाली नाही. टाकी वस्तीपासून दूर, पाण्याने वेढलेल्या बेटावर होती. ते अंतरच मुंबईच्या कामी आले.

टाकीत उतरणारा माणूस

आता मी माझ्या मूळ पेशाकडे येतो. शेजारी टाकीच्या बाहेर असतो. एक मनुष्य असा आहे की ज्याला टाकीच्या आत जावे लागते.

पस्तीसएक वर्षांपूर्वी मी एका औद्योगिक वसाहतीत रोजंदारीवर होतो. कारखान्याचे नाव घेत नाही. घेण्याचे कारणही नाही, कारण तसे कारखाने तेव्हा पुष्कळ होते. तेलाच्या टाकीच्या तळाचा गाळ काढावयाचा होता. झाकण तीन दिवस उघडे होते. सर्वांची समजूत, वाफ निघून गेली असणार. आमचा एक सोबती शिडीने उतरला आणि दोन मिनिटांत, आवाज न करता, बसल्यासारखा खाली गेला. त्याला काढण्यासाठी दुसरा उतरला. तोही शिडीच्या पायथ्याशी कोसळला. मी बादलीचा दोर धरून वर उभा होतो. मी पाय आत टाकला, तोच एका वयस्क फिटरने मला कमरेला मिठी मारून मागे ओढले. मी त्याला शिव्या दिल्या, त्याचा हात चावला. दोघे गेले. मी राहिलो.

कित्येक वर्षे मला वाटे की मी भित्रा ठरलो. पुढे वाचनालयात १९४८ च्या कारखाना कायद्याचे छत्तिसावे कलम माझ्या हाती लागले. त्यात लिहिले होते की ज्या टाकीत घातक वायू असण्याचा संभव आहे तीत, हवा तपासून जाणत्या माणसाने लेखी दाखला दिल्याशिवाय कोणी उतरू नये. नाही तर श्वसनयंत्र लावून, कमरेला पट्टा बांधून उतरावे, आणि त्या पट्ट्याच्या दोराचे दुसरे टोक बाहेरच्या माणसाच्या हातात असावे. ते वाचले तेव्हा माझ्या हातातला दोर मला आठवला. तो बादलीला बांधलेला होता. माणसाला बांधावयाचा दोर आम्ही बादलीला बांधला होता, आणि तसे सांगणारे कलम आमच्या जन्माच्या आधीपासून छापलेले होते!

त्या फिटरने नियम वाचला नव्हता. त्याने अशी एक टाकी आधी पाहिली होती. हवेत प्राणवायू शंभरात एकवीस भाग असतो. वाफेने त्याची जागा घेतली म्हणजे माणूस गुदमरत नाही, धडपडत नाही. त्याला कळण्यापूर्वी शुद्ध जाते. म्हणून वाचवावयास जाणारा दुसरा बळी ठरतो. जगभर अशा अपघातांत बचावाला धावलेल्यांचीच प्रेते पुष्कळदा अधिक निघतात. कामगार कायदे नंतर बदलले, २०२० मध्ये नव्या संहिता झाल्या. छातीला लागणारा प्राणवायू मात्र तेवढाच राहिला आहे.

हीच गोष्ट आज हॉटेलच्या मैलाटाकीला, मासळीच्या तळघरातल्या टाकीला, बोटीच्या तळकप्प्याला लागू आहे. तेथे उतरणारा बहुधा बाहेरगावचा, रोजावर आणलेला असतो. त्याच्या वतीने विचारणारा गावात कोणी नसतो.

मालकीबरोबर जोखीम येते

आता पहिल्या प्रश्नाकडे परत जाऊ : जागा माझी, मग गावाला काय?

इंग्लंडमध्ये एका गिरणीवाल्याने स्वतःच्या जागेत तलाव बांधला. पाणी जुन्या खाणीच्या वाटांनी शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणीत शिरले. गिरणीवाला म्हणाला, माझी चूक नाही. १८६८ साली तेथील सर्वोच्च न्यायपीठाने निर्णय दिला की जो आपल्या जमिनीवर निसटली तर उपद्रव करील अशी वस्तू आणून साठवतो, तो ती स्वतःच्या जोखमीवर साठवतो. मात्र त्या नियमाला पळवाटाही होत्या.

त्या पळवाटा आपल्या देशात बंद झाल्या, त्याला दोन दुर्घटना घडाव्या लागल्या. १९८४ च्या डिसेंबरात, २ तारखेच्या रात्री, भोपाळला ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले. तीत चाळीस टनांच्या वर मिथाइल आयसोसायनेट होते. ते थंड ठेवणारे यंत्र कित्येक महिने बंद होते. टाकी कंपनीच्या जागेत होती. माणसे मेली ती कुंपणाबाहेरच्या झोपड्यांत. पुढच्याच वर्षी, ४ डिसेंबर १९८५ रोजी, दिल्लीत एका कारखान्याच्या ओलियमच्या टाकीखालचा आधार कोसळून वायू शहरात पसरला. त्या खटल्यात २० डिसेंबर १९८६ रोजी सरन्यायाधीश भगवती यांच्या पाच जणांच्या पीठाने सांगितले की धोक्याचा धंदा करून नफा घेणाऱ्यावर अपघाताची संपूर्ण जबाबदारी राहील. काळजी घेतली होती ही सबब चालणार नाही. पुढे १९८९ मध्ये घातक रसायनांच्या साठ्याचे नियम आले. ठरलेल्या वजनापुढचा साठा करणाऱ्याने आपत्तीची योजना तयार ठेवावी आणि आसपासच्या लोकांना धोक्याची माहिती द्यावी, असे त्यांत आहे. १९९१ मध्ये सार्वजनिक दायित्व विम्याचा कायदा झाला.

तरीही ७ मे २०२० रोजी विशाखापट्टणमला स्टायरिनच्या टाकीतून पहाटे वाफ सुटली आणि बारा जण गेले. टाळेबंदीत कारखाना बंद होता, म्हणून कोणी त्याकडे नीट पाहिले नव्हते. बंद कारखान्यातली टाकी बंद नसते, हा त्यातला धडा. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्यावर जे बर्फाचे कारखाने थांबतात, त्यांच्या अमोनियाच्या नळ्यांना हे लागू आहे. तेथला अमोनिया मोठ्या नियमांच्या आकड्यांत बसण्याइतका नसेल. पण शेजारच्या घराला त्याची माहिती असू नये, असे तर कोणत्याही नियमात नाही.

एक आक्षेप उरतो. एवढे सारे करणे लहान माणसाला परवडेल का? एकट्याला परवडत नाही, हे खरे. मच्छीमारांनी यावर उत्तर शोधले आहे. आपल्या किनाऱ्यावर मच्छीमार सहकारी संस्थांनी डिझेलचे पंप चालवले, त्यामुळे परवाना एक, टाकी एक आणि जबाबदारी सर्वांची मिळून झाली. वीस परड्यांत वीस पिंपे राहण्यापेक्षा संस्थेची एक नीट टाकी गावाला सुरक्षित आणि खिशाला हलकी. आता पर्यटनाच्या होड्या वाढल्या आहेत. त्या मालकांनीही पेट्रोलसाठी हाच मार्ग धरावा, असे माझे सांगणे आहे. संघटना म्हणजे केवळ मोर्चा नव्हे. एकट्याला न झेपणारी शिस्त दहा जणांनी मिळून पाळणे, हीही संघटनाच.

तेव्हा घरी गेल्यावर आपल्या आसपास एक टाकी असेल तर मालकाला, भांडण न काढता, चार गोष्टी विचारा. दादा, हिच्यात काय आहे आणि किती? परवाना लागतो का, आणि लागत असेल तर कोठे आहे? फुटली तर तेल कोणीकडे जाईल? आणि साफ करावयास माणूस उतरेल तेव्हा त्याचा दोर कोण धरील? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे मिळावयास वेळ लागला तर थांबा. चौथ्याचे उत्तर मिळेपर्यंत मात्र कोणाला उतरू देऊ नका.